बेकारी, घरकाम आणि विषमता : मारिएन्थालचा धडा



‘काम’ म्हणजे काय, असा प्रश्न चळवळीतील कार्यकर्त्याला विचारला तर त्याचे उत्तर सहसा चटकन मिळते. जेथे मजुरी आहे तेथे काम आहे आणि जेथे मजुरी थांबली तेथे बेकारी आहे, हा हिशेब समाजवादी चळवळीने पिढ्यानुपिढ्या मांडला. कामगार संघटना याच हिशेबावर उभ्या राहिल्या, आठ तासांच्या दिवसाची मागणी याच हिशेबातून निघाली आणि बेकारभत्त्याचे कायदेही त्यातूनच झाले. हा हिशेब खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे. त्याचा अपुरेपणा युरोपातील एका लहानशा पाहणीत नव्वद वर्षांपूर्वीच उघड झाला होता. ती पाहणी समाजवाद्यांनीच केलेली होती. तरीही तिचा अर्धाच भाग चळवळीच्या लक्षात राहिला.

व्हिएन्ना शहरापासून थोड्या अंतरावर ग्रामातनॉइझीडेल नावाचे गाव आहे. त्याला लागून असलेली मारिएन्थाल ही गिरणीकामगारांची वसाहत. वस्ती सुमारे दीड हजार, कुटुंबे ४७८. पिढ्यानुपिढ्या ही माणसे एका कापडगिरणीवर जगत आली होती. १९२९च्या उन्हाळ्यात गिरणीचे एकेक खाते बंद होऊ लागले आणि १९३०च्या फेब्रुवारीत शेवटचे माग थांबले. १९३१ साली येथील चारांपैकी तीन कुटुंबांत एकही माणूस कामावर उरलेला नव्हता.

त्याच सुमारास व्हिएन्नात पाउल लाझार्सफेल्ड या तरुण समाजवादी संशोधकाभोवती काही सहकारी जमले होते. ऑस्ट्रियात पहिल्या महायुद्धानंतर आठ तासांचा दिवस कायद्याने मिळालेला होता. तेव्हा कामगार आपल्या फुरसतीचा उपयोग कसा करतो, याचा अभ्यास करावा असा या मंडळींचा बेत होता. समाजवादी लोकशाही पक्षाचे नेते ओटो बाउअर यांच्यापुढे त्यांनी तो ठेवला. बाउअर यांना ही कल्पना पटली नाही. देशात लाखो माणसे कामावाचून बसलेली असताना फुरसतीचा अभ्यास कसला करता, बेकारीचा करा, असे त्यांनी सुचविले. आणि मारिएन्थालकडे बोट दाखविले ते त्यांनीच. लाझार्सफेल्ड, मारी याहोदा आणि हान्स त्साइझेल यांनी सहकाऱ्यांसह १९३१-३२च्या हिवाळ्यात ही पाहणी केली. लोटे शेंक-डान्त्सिंगर ही त्यांची सहकारी काही आठवडे गावातच मुक्कामाला राहिली.

या पाहणीची पद्धत आजही ध्यानात घेण्याजोगी आहे. गावात कोणीही नुसता बघ्या म्हणून वावरायचे नाही, गावकऱ्यांच्या काही उपयोगी पडत असेल त्यानेच माहिती विचारायची, असा दंडक या मंडळींनी स्वतःला घालून घेतला. व्हिएन्नात जुने कपडे गोळा करून ते गावात वाटण्यात आले, डॉक्टरांची विनामूल्य तपासणी ठेवण्यात आली, शिवणकामाचे आणि कवायतीचे वर्ग काढण्यात आले. कपडे देण्याच्या निमित्ताने घरोघर जाणे झाले आणि घराची स्थिती समजली. दवाखान्यात प्रकृतीबरोबर मनातली गोष्टही कानी आली. ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्यांचे काही देणे लागतो, ही जाणीव या संशोधनाच्या मुळाशी होती.

निष्कर्ष मात्र चळवळीच्या अपेक्षेशी जुळणारे नव्हते. दैन्य वाढले की असंतोष वाढतो आणि असंतोष वाढला की क्रांतीला धार चढते, असे तोवर अनेकांनी गृहीत धरलेले होते. मारिएन्थालमध्ये दैन्य वाढले आणि माणसे थंड पडली. गावात कामगारांचे वाचनालय होते. १९२९ ते १९३१ या काळात तेथील वर्गणी माफ झाली. वाचायला वेळच वेळ होता. तरीही नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. पक्षाचे दैनिक बेकारांना सवलतीच्या दराने मिळत होते, तरी त्याचे वर्गणीदार भराभर गळाले. त्यामानाने करमणुकीचा मजकूर देणाऱ्या हलक्याफुलक्या पत्राचे वर्गणीदार कमी गळाले. राजकीय संस्थांचे सभासद कमी झाले. आपापसांत एकमेकांविरुद्ध अधिकाऱ्यांकडे निनावी अर्ज करण्याचे प्रकार मात्र वाढले.

मुलांविषयीची नोंद वाचताना तर मन विषण्ण होते. नाताळात तुम्हांला काय हवे, असा निबंध शाळेतील मुलांकडून लिहून घेण्यात आला. शेजारच्या गावांतील मुलांच्या मागण्यांची जी किंमत होत होती, तिच्या सुमारे एक-तृतीयांश किंमतीच्या मागण्या मारिएन्थालच्या मुलांनी केल्या. आणि त्याही ‘आईबापांजवळ पैसे असते तर’ अशा संकेतार्थी वाक्यांत. लहान मुलाची इच्छासुद्धा घरच्या मिळकतीकडे पाहून आखडते, हे त्या वह्यांनी सांगितले. विषमता ही केवळ ताटातील पदार्थांत नसते. काय मागावे याच्या मर्यादेतही ती असते. पुढे १९६४ साली पिएर बूर्दिय आणि झाँ-क्लोद पास्रों यांनी फ्रान्समधील विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून हीच गोष्ट विस्ताराने मांडली. परीक्षा सर्वांना सारखी असली, तरी घरातून आलेली भाषा, सवयी आणि अपेक्षा यांचा वारसा सारखा नसतो, हे त्यांचे प्रतिपादन होते.

परंतु मारिएन्थालच्या पाहणीतील सर्वांत महत्त्वाची नोंद वेळेविषयीची आहे. संशोधकांनी गावच्या मुख्य रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांची चाल घड्याळ लावून मोजली. पुरुष संथ चालत, वाटेत पुन्हा पुन्हा थांबत, उभे राहत. स्त्रिया भराभर जात, क्वचितच थांबत. दिवसाचा तासागणिक हिशेब लिहून द्यावा म्हणून लोकांना कागद देण्यात आले. सकाळी उठणे, जेवणे आणि निजणे यांखेरीज पुरुषांना लिहिण्यासारखे फारसे आठवेना. कित्येकांनी घड्याळ वापरणेच सोडले होते. ज्यांच्याजवळ अमाप वेळ होता, त्यांना दुपारच्या जेवणालाही वेळेवर घरी येणे जमेना.

स्त्रियांचा कागद मात्र गच्च भरलेला. गिरणी बंद पडली म्हणून स्वयंपाक बंद पडत नाही. उलट भत्त्याच्या तुटपुंज्या पैशांत घर चालवावयाचे म्हणजे जुने कपडे उसवून नवे शिवणे, बटाटा आणि कोबी यांवर आठवडा काढणे, सगळे दुपटीने आले. त्यांतील बहुतेक जणी पूर्वी गिरणीत कामाला होत्या आणि उरलेले सारे घरकाम रात्री उशिरापर्यंत उरकीत होत्या. संशोधकांनी निष्कर्ष काढला की या स्त्रियांची मजुरी गेली आहे, काम गेलेले नाही. तरीसुद्धा यांपैकी अनेकींनी गिरणी पुन्हा सुरू व्हावी, आपण पुन्हा तेथे जावे, अशीच इच्छा सांगितली, आणि ती केवळ पैशासाठी नव्हे. गिरणीत मैत्रिणी होत्या, बोलणे-चालणे होते, चार भिंतींबाहेरचे एक जग होते.

चळवळीने लक्षात ठेवला तो या पाहणीचा पहिला अर्धा भाग : पुरुषाचा रिकामा दिवस. दुसरा अर्धा भाग, म्हणजे स्त्रीचा भरलेला आणि तरीही ‘बेकार’ म्हणून नोंदलेला दिवस, तो विसरला गेला.

विसर पडण्यास इतिहासही कारणीभूत झाला. ग्रंथ १९३३ साली जर्मनीत प्रसिद्ध झाला, तो हिटलर सत्तेवर आल्याच्या वर्षी. लेखक ज्यू होते, म्हणून मुखपृष्ठावर त्यांची नावे छापण्यात आली नाहीत. १९३४च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रियातील समाजवादी पक्ष तोफांच्या माऱ्याने मोडून काढण्यात आला. मारी याहोदा भूमिगत कार्यात राहिल्या, १९३६ साली पकडल्या गेल्या आणि १९३७ साली देश सोडून जाण्याच्या अटीवर त्यांची सुटका झाली. त्या इंग्लंडमध्ये गेल्या. ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर निघावयास १९७१ साल उजाडले. १९८२ साली याहोदा यांनी या साऱ्या अनुभवाचे सार मांडले. नोकरी मजुरी देते हे उघडच आहे. पण तिच्याबरोबर ती दिवसाला घडी देते, घराबाहेरच्या माणसांशी संबंध देते, सामूहिक उद्दिष्टात वाटा देते, समाजात एक स्थान देते आणि नियमित हालचाल घडविते. बेकारी या पाचही गोष्टी एकदम हिरावून घेते. भत्ता पोट भरील, या गोष्टी भरून देणार नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोपात सुबत्ता आली आणि समाजशास्त्रज्ञांपुढे नवा प्रश्न आला. मोटार आणि दूरचित्रवाणी संच घेणारा कामगार मध्यमवर्गीय झाला काय? जॉन गोल्डथॉर्प, डेव्हिड लॉकवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात इंग्लंडमधील लुटन या गावी चांगला पगार मिळविणाऱ्या कामगारांचा अभ्यास केला आणि याचे उत्तर ‘नाही’ असे दिले. पगार वाढला, तरी कारखान्यातील स्थान बदलले नव्हते. कामाकडे कामगार केवळ पैसा मिळविण्याचे साधन म्हणून पाहत होता आणि जीवनाचे समाधान घरात शोधत होता. हे संशोधन साक्षेपी होते यात शंका नाही. परंतु ज्या घरात तो समाधान शोधत होता, ते घर दुसऱ्या कोणाच्या कामाची जागा होती, हा प्रश्न त्यात गौण राहिला. निवड केली होती ती विवाहित पुरुष कामगारांची. १९७२ साली ऑक्सफर्डमधून वर्गांतराची जी मोठी पाहणी झाली, तिच्यात सुमारे दहा हजार माणसे घेतली गेली. ते सर्व पुरुष होते. कुटुंबाचा वर्ग कर्त्या पुरुषाच्या धंद्यावरून ठरवावा, ही रूढ पद्धती बरोबरच आहे, असे समर्थन गोल्डथॉर्प यांनी १९८३ साली केले आणि त्यावर मोठा वाद माजला.

तो वाद निष्कारण नव्हता. अ‍ॅन ओकली यांनी लंडनमधील चाळीस गृहिणींच्या मुलाखती घेऊन १९७४ साली घरकामाचे समाजशास्त्र लिहिले. कारखान्यातील श्रमाला जे प्रश्न विचारले जातात, तेच त्यांनी घरकामाला विचारले. किती तास? आठवड्याला सरासरी ७७. कंटाळवाणे वाटते काय? शंभरात ७५ जणींनी होय म्हटले. लुटनच्या पाहणीत हेच उत्तर देणाऱ्या कामगारांचे प्रमाण शंभरात ४१ होते, आणि धावत्या पट्ट्यावर मोटारी जोडणाऱ्यांतसुद्धा ते ६७ होते. चाळीस मुलाखतींवरून सबंध देशाचा निष्कर्ष काढता येणार नाही, ही मर्यादा मान्य केली पाहिजे. तथापि घरकाम हे प्रेमाचे अंग आहे, त्याला श्रमाचे मोजमाप लावू नये, हा समज त्यानंतर पूर्वीसारखा निर्धास्तपणे मांडता येईना.

येथे कायद्याची भूमिका पाहणे अवश्य आहे. कुटुंब ही खाजगी बाब आहे असे म्हणणाऱ्या राज्यांनीच कुटुंबातील श्रमविभागणी कायद्याने पक्की केलेली होती. फ्रान्समध्ये पत्नीला पतीच्या संमतीवाचून नोकरी धरण्याचा आणि बँकेत खाते उघडण्याचा हक्क १९६५ साली मिळाला. पश्चिम जर्मनीच्या नागरी कायद्यानुसार १९७७ साली सुधारणा होईपर्यंत पत्नीला नोकरी करता येई, ती संसारातील कर्तव्यांच्या आड येत नसेल तरच. पतीच्या कर्तव्यांविषयी अशी अट नव्हती. याउलट स्वीडनने १९७१ साली पतिपत्नींची प्राप्तिकराची आकारणी वेगवेगळी केली, आणि १९७४ साली मातेच्या प्रसूतिरजेऐवजी दोघांपैकी कोणालाही घेता येईल अशी पालकरजा आणली. रजा कोणीही घ्यावी असे म्हटले की ती आईच घेते, हे अनुभवास आल्यावर नॉर्वेने १९९३ साली आणि स्वीडनने १९९५ साली रजेचा काही भाग केवळ बापासाठी राखून ठेवला. त्याने घेतला नाही तर तो बुडतो. १९७५च्या २४ ऑक्टोबर रोजी आइसलँडमधील सुमारे नव्वद टक्के स्त्रियांनी नोकरी आणि घरकाम दोन्ही एक दिवस बंद ठेवले होते. त्या दिवशी देशाचे व्यवहार अडले, कारण बंद पडलेल्या दोन्ही कामांवर देश चालत होता.

मग एवढ्या प्रयत्नांनंतर विषमता गेली काय? हेन्रिक क्लेवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली काही देशांची तुलना प्रसिद्ध केली. पहिले मूल झाल्यानंतर पाच ते दहा वर्षांनी स्त्रीची मिळकत पुरुषाच्या मानाने किती घटलेली राहते, हे त्यांनी मोजले. डेन्मार्कमध्ये ही घट सुमारे २१ टक्के, स्वीडनमध्ये २६, ब्रिटनमध्ये ४४, ऑस्ट्रियात ५१ आणि जर्मनीत ६१ टक्के आढळली. मूल दोघांचे, बापाच्या मिळकतीवर त्याचा परिणाम जवळजवळ शून्य. स्वीडन आणि जर्मनी यांमधील अंतर पाहिले म्हणजे ही घट निसर्गनियमाने येत नाही, हे स्पष्ट होते. परंतु याच अभ्यासकांनी ऑस्ट्रियातील अनेक दशकांच्या धोरणांचा हिशेब मांडला, तेव्हा रजा वाढवूनही आणि पाळणाघरे वाढवूनही ही दरी फारशी बुजली नाही, असे दिसले. कायदा आणि सोय पुरेशी नाही. चांगली आई कोणती याविषयीची समाजाची धारणा जोवर बदलत नाही, तोवर सोय असूनही ती वापरली जात नाही. समाजवाद्यांनी हे कटू वाटले तरी स्वीकारले पाहिजे.

याहून कटू गोष्ट पुढेच आहे. ज्या घरांत पतिपत्नी दोघेही नोकरी करू लागले, तेथे म्हाताऱ्या आईबापांची शुश्रूषा कोण करते? ऑस्ट्रियाने २००७ साली घरी राहून चोवीस तास शुश्रूषा करणाऱ्यांची व्यवस्था कायदेशीर केली. हे काम प्रामुख्याने स्लोव्हाकिया आणि रुमानिया येथून येणाऱ्या हजारो स्त्रिया करतात. दोन किंवा अधिक आठवडे परक्या घरी, मग काही आठवडे आपल्या घरी, असा त्यांचा फेरा असतो. त्या नोकर म्हणून नव्हे तर स्वतंत्र व्यावसायिक म्हणून नोंदल्या जातात. त्यामुळे कामाचे तास आणि किमान वेतन यांचे संरक्षण त्यांना लागू होत नाही. २०२० साली साथीमुळे सरहद्दी बंद झाल्या, तेव्हा या स्त्रियांना आणण्यासाठी खास विमाने सोडावी लागली. ज्यांच्यावाचून देशाचे अडते त्यांच्याच मुलांचा भत्ता मात्र २०१९पासून कमी करण्यात आलेला होता. मूल रुमानियात राहते, तेथे स्वस्ताई आहे, हे कारण. कर आणि विम्याची वर्गणी त्या पुरती भरत होत्या. अखेर २०२२च्या जूनमध्ये युरोपीय न्यायालयाने ही कपात बेकायदा ठरविली. एका स्त्रीची घरकामातून झालेली सुटका दुसऱ्या, अधिक गरीब देशातील स्त्रीच्या खांद्यावर टाकली गेली, आणि त्या दुसरीचे मूल आजीच्या स्वाधीन झाले. पुरुष आणि राज्य यांनी आपला वाटा उचलला नाही, तर समतेची वाटचाल अशी वळण घेते.

आता पुन्हा मारिएन्थालकडे येऊ. २०२० सालच्या ऑक्टोबरात त्याच ग्रामातनॉइझीडेल गावी रोजगार हमीचा एक प्रयोग सुरू झाला. दीर्घकाळ बेकार असलेल्या प्रत्येकाला, त्याची इच्छा असल्यास, रीतसर वेतनाचे काम देण्याचे सरकारी रोजगार खात्याने मान्य केले. सक्ती नव्हती. ऑक्सफर्डच्या अर्थशास्त्रज्ञांनी त्याची तपासणी केली, आणि याहोदा यांनी सांगितलेल्या गोष्टीच त्यांनी मोजल्या : दिवसाची घडी, संबंध, मान, स्वास्थ्य. गावातील दीर्घकालीन बेकारी जवळजवळ नाहीशी झाली आणि या सर्व बाबतींत सुधारणा दिसली. नव्वद वर्षांपूर्वी जेथे रोगाचे निदान झाले होते तेथेच औषधाचा गुण आला, असे म्हणता येईल.

महाराष्ट्राला यात अपरिचित असे काही वाटू नये. १९७२च्या दुष्काळी कामांच्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या पुढाकाराने येथे रोजगार हमी आली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि तो १९७९च्या २६ जानेवारीपासून अंमलात आला. मागेल त्याला काम हे तत्त्व युरोपातील त्या गावाच्या चाळीस वर्षे आधी येथे कायद्यात लिहिले गेले. खडी फोडावयास आणि माती वाहावयास स्त्रिया फार मोठ्या संख्येने आल्या. २००५च्या केंद्रीय कायद्याने कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एक बाई नेमावी, अशी तरतूदही केली. अनेक कामांवर ही तरतूद कागदावरच राहिली. मजुरीचा हक्क मिळाला, पण मूल झाडाला बांधलेल्या झोळीतच राहिले. मारिएन्थालचा विसरलेला अर्धा भाग येथेही विसरलाच गेला.

कार्यकर्त्यांनी यातून घ्यावयाचा बोध मोजकाच आहे. दैन्य आपोआप माणसाला लढाऊ बनविते, या भ्रमात राहू नये. कामावरून निघालेला माणूस संघटनेपासूनही निघून जातो, तेव्हा तो घरी बसण्याआधी त्याच्याकडे गेले पाहिजे. नुसत्या भत्त्यावर समाधान मानू नये; कामाचा हक्क मागावा. आणि काम मागताना घरातील कामाचा हिशेबही त्याच अर्जात लिहावा. बैठकीला स्त्रिया का येत नाहीत, असा प्रश्न शाखांतून वरचेवर विचारला जातो. त्या वेळी त्यांच्या घरी स्वयंपाक कोण करणार, हा प्रश्न त्याच बैठकीत विचारला गेला, आणि त्याचे उत्तर उपस्थित पुरुषांपैकी कोणी दिले, तर मारिएन्थालच्या त्या कागदांचा दुसरा अर्धा भाग वाचावयास सुरुवात झाली असे समजावे.